बारावी झाली, टुरिझममध्ये जायचंय, खानापूर भागातनं सुरुवात कुठनं करू?

जांबोटीकडचा_पोरगा

नमस्कार सगळ्यांना. मी जांबोटीच्या पुढच्या एका गावातला, खानापूर तालुका. यंदा बारावी कॉमर्स झालो, ६८ टक्के, दहावीपर्यंत मराठी शाळा मग कॉलेज खानापूरला. घरात भात आणि काजू, बाबा शेती बघतात, मोठा दादा गोव्यात कळंगुटला एका हॉटेलात किचनला आहे, सहा वर्षं झाली.

मला टुरिझममध्येच काम करायचंय हे नक्की आहे. का ते सांगतो. पावसाळ्यात आमच्या गावावरनं वज्रपोहाला जाणाऱ्या गाड्या थांबतात, पुण्याची, बेळगावची, हुबळीची माणसं, रस्ता विचारतात, धबधबा किती लांब, ही नदी कुठली, आणि मी सांगत सुटतो की म्हादई इथनंच निघते, देगावला, आणि मलप्रभा कणकुंबीला, एक पश्चिमेला गोव्याकडं जाते आणि दुसरी पूर्वेला, दोन्ही एकाच तालुक्यातल्या. लोकं गाडी बंद करून ऐकतात. मागच्या वर्षी एका काकांनी जाताना पन्नास रुपये हातात ठेवले, मी नको म्हटलं खरं त्यांनी ऐकलं नाही. ते पैसे अजून वहीत आहेत.

बाबा म्हणतात दुसऱ्याच्या सुट्टीत राबायचं काम कशाला, दादा एक गेलाय तेवढा पुरे, तू बँकेच्या परीक्षा दे. गेल्या आठवड्यात बेळगावला एका इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन आलो, नाव लिहीत नाही, एअरलाइन हॉटेल ट्रॅव्हल असा सगळा मिळून एक वर्षाचा डिप्लोमा, फी एक लाख ऐंशी हजार, जॉब हंड्रेड पर्सेंट म्हणतात, त्याच दिवशी पैसे भरले तर वीस हजार कमी. आई म्हणते सोसायटीतनं कर्ज काढू. मला रात्री झोप येईना झालीय. भरू की नको? आणि नको तर मग काय करू, बीकॉम करू का हॉटेल मॅनेजमेंट का सरळ कामाला लागू? कानडी बोलतो, वाचायला जरा वेळ लागतो. हिंदी बरी आहे. इंग्लिश वाचून कळतं खरं बोलताना अडतं. कुणी या लाइनमध्ये असेल तर जरा सांगा.


टिळकवाडी_काउंटर

भरू नकोस बाळा. आज भरलास तर वीस हजार कमी असं जिथं म्हणतात तिथनं उठून यायचं.

मी बेळगावात तिकिटाच्या काउंटरवर सोळा वर्षं बसते. माझ्या धाकट्या बहिणीसाठी आमच्या घरी असेच पैसे भरले होते, केबिन क्रूचा कोर्स म्हणून, दुसऱ्या शहरात. वर्षभर मेकअप, साडी नेसणं, चालणं, आणि इंग्लिशची एक पुस्तिका. शेवटी मॉलमधल्या एका दुकानात उभं राहायचं काम दाखवलं आणि प्लेसमेंट झाली म्हणून सही घेतली. भांडायला गेलो तर फीच्या कागदावर बोट ठेवलं, तिथं लिहिलं होतं असिस्टन्स, गॅरंटी असा शब्द कुठंच नव्हता, आम्ही तो कागद नीट वाचलाच नव्हता. आईच्या पाटल्या त्यात गेल्या, अजून आठवलं की पोटात कालवतं. तेव्हा कुठंही पैसे भरायच्या आधी कागद घरी आण, दोन दिवस ठेव, कॉलेजच्या सरांना दाखव. कागद घरी न्यायला देत नसतील तर तिथंच कळलं.

आता माझ्या कामाचं सांगते. तिकिटिंगला अमॅडिअस, गॅलिलिओ अशी सिस्टीम असते, शिकायला जड नाही, एखाद्या ऑफिसात बसलास तर तीन-चार महिन्यात हात बसतो. आयाटा म्हणजे विमान कंपन्यांची जागतिक संघटना, तिचा फाउंडेशन कोर्स आहे तो पुणे-बेंगळूरला कॉर्पोरेट ट्रॅव्हलमध्ये जायचं असेल तर उपयोगी पडतो. खरं साधं तिकीट आता लोक मोबाईलवर काढतात, एअरलाइनचं कमिशन केव्हाच आटलं. आमचं ऑफिस चालतं ते व्हिसा, ग्रुप बुकिंग, उमरा, आणि लोकांना न कळणाऱ्या गोष्टी आधी बघण्यावर. उदाहरण देते. आपल्या खेड्यातल्या कितीतरी लोकांच्या पासपोर्टवर एकच नाव असतं, आडनावाची ओळ रिकामी. २०२२ च्या नोव्हेंबरपासून यूएई टुरिस्ट व्हिसावर असा एकच नावाचा पासपोर्ट घेत नाही. त्यामुळं काउंटरवर कुणीही पासपोर्ट ठेवला की मी फोटो बघायच्या आधी आडनावाची ओळ बघते, मग संपायची तारीख, मग शेवटचं पान. मागं एकांनी मुलाला भेटायला दुबईची दोन तिकिटं मोबाईलवर काढली, स्वस्त मिळाली म्हणून, आणि व्हिसाला आले आमच्याकडं. आईचा पासपोर्ट असाच. तिकीट नॉन-रिफंडेबल. त्या बाईंना मी खुर्चीवर बसवून पाणी दिलं, दुसरं काय करणार, पासपोर्ट बदलून घ्यायला लागला, तिकिटाचे पैसे गेले.

बीकॉम सोडू नकोस एवढं माझं ठाम आहे. डिग्री लागतेच, आज नाही तर दहा वर्षांनी.


सांबऱ्याचा_टूर_मॅनेजर

वरच्या ताईंनी डिप्लोमाबद्दल सांगितलंय त्याला माझं पूर्ण समर्थन. मी सांबऱ्याचा, पुण्याच्या एका टूर कंपनीत टूर मॅनेजर आहे, नऊ वर्षं झाली, त्याआधी दोन वर्षं बसवर मदतनीस म्हणून फिरलोय. लांब लिहिणार आहे, सवडीनं वाच.

तुझ्याकडं काय आहे ते तुला कळलेलं नाही असं मला वाटतं. तू लिहिलंयस कानडी बोलतो, हिंदी बरी आहे, जसं काय ते किरकोळ आहे. अरे बेळगाव मधोमध ठेवून नकाशा बघ की. पूर्वेला हंपी, १९८६ पासून जागतिक वारसा. पट्टदकल, १९८७ पासून. पश्चिमेला जुन्या गोव्यातली चर्च, तीही १९८६ ची. आणि उत्तरेला पन्हाळा, २०२५ च्या जुलैमध्ये मराठा किल्ल्यांची जी बारा नावं यादीत गेली त्यात पन्हाळा आहे. चारही ठिकाणं सकाळी घरातनं निघून दिवसात गाठता येतात. त्यातल्या दोन ठिकाणी कानडी लागते, एकीकडं कोकणी, एकीकडं मराठी, आणि येणारा माणूस हिंदी किंवा इंग्लिश बोलणारा. पुण्याच्या पोराला बदामीत हॉटेलच्या किचनमध्ये जाऊन सांगता येत नाही की आमच्या लोकांना ताकात मिरची कमी घाला. तुला येतं. मला पहिलं काम याच कारणानं मिळालं, इंटरव्ह्यूत सरांनी सर्टिफिकेट बघितलंच नाही, फोन लावून दिला आणि म्हणाले होस्पेटच्या या लॉजवाल्याशी बोल, चाळीस माणसांचा रेट कमी करून घे. मी कानडीत बोललो. झालं काम.

काम काय असतं ते पण ऐक, कारण बाहेरनं ते फुकट फिरणं दिसतं. पहाटे साडेचारला उठायचं, चहा झाला का बघायचं, सामान मोजायचं, माणसं मोजायची, बसमध्ये माईकवर बोलायचं, परत माणसं मोजायची. माझ्या तिसऱ्या की चौथ्या टूरला हंपीत एका आजोबांचं इन्सुलिन हॉटेलच्या फ्रीजमध्ये ठेवायला दिलं होतं, दह्याच्या पातेल्यामागं. सकाळी गडबडीत निघालो, बस दीड तास पुढं आल्यावर आजोबा म्हणाले अहो माझं पेन. बस मी पुढच्या गावात नाश्त्याला थांबवली, लोकांना डोसे सांगितले आणि स्वतः टॅक्सी करून मागं गेलो, पैसे माझ्या खिशातनं गेले. तेव्हापासून माझ्या वहीत पहिल्या पानावर लोकांची नावं नसतात, औषधं असतात, कुणाचं फ्रीजमध्ये, कुणाचं जेवणाआधी, कुणाला गुडघा आहे. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात चालुक्य राजा मंगलेशाचा ५७८ सालचा शिलालेख आहे, तो मी लई मनापासून सांगतो, खरं ज्या काकूंचे गुडघे दुखतायत त्या पायऱ्यांवर कुठं थांबणार आणि त्यांच्याजवळ कोण थांबणार हे ठरवल्याशिवाय शिलालेखाकडं जायचं नाही, एवढं मला या लाइननं शिकवलं.

पैशाचं म्हणशील तर सुरुवातीला मला दिवसाला आठशे मिळायचे, जेवण राहणं कंपनीचं, आणि काम नसेल त्या दिवशी शून्य. मे महिना, दिवाळी, नाताळ यात श्वास घ्यायला फुरसत नाही आणि जून ते सप्टेंबर हात रिकामे. आता बरं आहे, परदेशाच्या टूर करतो, खरं पहिली तीन वर्षं पावसाळ्यात मी भावाच्या दुकानात बसायचो. हे घरी आधीच सांगून ठेव, म्हणजे जुलैत तू घरी बसलेला दिसलास की कुणाच्या मनात येणार नाही की पोराचं काम सुटलं.

गाइड व्हायचं असेल तर केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचा इन्क्रेडिबल इंडिया टुरिस्ट फॅसिलिटेटर म्हणून कोर्स आहे, ऑनलाइन, घरी बसून करता येतो. पुढं मॅनेजमेंटला जायचं असेल तर ग्वाल्हेरची आयआयटीटीएम ही सरकारी संस्था, १९८३ पासनं आहे, पर्यटनातलं बीबीए आणि एमबीए दोन्ही देते, नोएडा, भुवनेश्वर, नेल्लोरलाही कॅम्पस आहेत. बीकॉम करून एमबीएला तिकडं जाता येतं. ताई म्हणतात तसं डिग्री लागतेच हे मला मात्र तितकं पटत नाही, माझ्याबरोबरच्या चौघा चांगल्या मॅनेजरपैकी दोघं बारावीच आहेत. आधी एक सीझन काम कर, मग फी कशावर भरायची ते ठरव.

आणि एक काम देतो. तुमच्या तालुक्यात हलशी आहे. वराह-नरसिंहाच्या देवळात जा, तिथं उभं राहून वीस मिनिटं बोल, समोर चाळीस माणसं आहेत असं समजून, मोबाईलवर रेकॉर्ड कर. मराठीत, कानडीत, इंग्लिशमध्ये. मग इथं येऊन सांग कुठली भाषा किती मिनिटं चालली.


चोर्ला_गाडीवाला

पोरा मी शिकलेला न्हाई लई, दहावी नापास, खरं गाडीवर माझं घर चाललंय बावीस वर्सं. जीपपासनं सुरू केलतो, आता दोन गाड्या हायत, एक पोरगं चालवतंय एक मी. तू म्हणतोस बाबा नको म्हणतात, तर बाबांना सांग की गाडी हा पण या धंद्यातला धंदाच हाय आणि तो गावात ऱ्हाऊन करता येतो.

दोन गोष्टी सांगतो. पहिली, पिवळ्या बोर्डाचीच गाडी घे. पांढऱ्या बोर्डाची गाडी भाड्यानं पळवणारी लई पोरं हायत आपल्याकडं, चार पैसे टॅक्स वाचतो म्हणून. आमच्या शेजारच्या गावातल्या एकाचं घाटात झालं, आत भाड्याची माणसं हुती, इन्शुरन्सवाल्यानं हात वर केले. खाजगी गाडी भाड्याला वापरली की क्लेम बसत न्हाई, बस. त्या पोराची गाडी गेली आणि शेत पण गेलं. ऑल इंडिया टुरिस्ट परमिट काढ, आता ऑनलाइन मिळतंय, गोवा म्हाराष्ट्र कर्नाटक तिन्हीकडं चालतंय. गोव्यात मात्र आपलं पाशिंजर सोडायचं, आपलंच पाशिंजर आणायचं, तिथलं लोकल भाडं उचलायला जाऊ नको, तिथल्या पोरांचं पण पोट त्यावरच हाय. कर्नाटक टुरिझम खात्याची टॅक्सीला सबसिडीची योजना निघती मधनं मधनं, एससी एसटी आणि मागास वर्गाच्या पोरांना, बेळगावच्या टुरिझम ऑफिसात जाऊन इचार. एजंटाला पैसे देऊन फॉर्म भरू नको.

दुसरी गोष्ट, गाडी चालवता येणं म्हंजे निम्मं काम. जुलैत चोर्ल्यात धुकं असं येतंय की बोनेट दिसंना, मागं ल्हान पोरगं वकायला लागतंय, आई घाबरलेली, बाप मोबाईलवर मॅप बघून सांगतोय अजून किती. तवा गाडी कडंला घ्यायची, लिंबू द्यायचं, पोराला उतरवून वारं घालायचं आणि बोलत ऱ्हायचं, हे बगा हितं कर्नाटक संपलं, म्होरं गोवा. माझ्याकडं लिंबं, मीठ, कागदी पिशव्या, दोन टॉवेल कायम असतात डिकीत. त्या माणसांचा दिवाळीत परत फोन येतोय, मामा येताय का म्हणून. असे वट्ट दोनशेभर नंबर हायत माझ्या फोनात, एक पण जाहिरात केली न्हाई.

सुट्टीच्या दिवशी माझ्यासंगट बस पुढच्या शिटावर. तू बोल, मी गाडी चालवतो.


निपाणीची_पोरगी

मध्येच विचारते, राग मानू नका. मी मुलगी आहे, यंदा बारावीला जाणार, आर्ट्स. मला पण हॉटेल किंवा एअरलाइनमध्ये जायचंय. घरी पहिला प्रश्न एकच, रात्रीची ड्युटी. दुसरा प्रश्न, आमच्यात हॉटेल म्हटलं की नाक मुरडतात, मुलगी हॉटेलात काम करते हे कसं सांगायचं नातेवाइकांना. यात कुणी बाई आहे का जी खरं सांगेल?


नंदगडची_पणजीत

आहे ना. मी नंदगडची, खानापूर तालुका, आता पणजीत एका हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला ड्युटी मॅनेजर. तुझ्यासारखीच मराठी शाळेतनं.

आधी नाक मुरडण्याचं. माझ्या मावशीनं माझ्या लग्नाच्या बोलणीत मी ऑफिसात आहे असं सांगितलं होतं. मी पाहायला आलेल्या लोकांसमोर सांगितलं की मी हॉटेलात आहे, रिसेप्शनच्या मागं उभी असते, रात्री दोन वाजता कुणाच्या छातीत दुखलं तर अँब्युलन्स मी बोलावते. ते स्थळ गेलं. दुसरं आलं ते टिकलं. तुला घरी सांगायला एवढंच, की काम कसलं आहे ते त्यांना डोळ्यांनी दाखव, आई-बाबांना एकदा एखाद्या चांगल्या हॉटेलात दिवसा घेऊन जा आणि तिथं काम करणाऱ्या मुलींशी बोलू दे. माझे बाबा एकदा माझ्या लॉबीत अर्धा तास बसले होते, चहा प्यायले, काही बोलले नाहीत, त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

रात्रपाळी असते, खोटं सांगणार नाही. आमच्याकडं मुलींना रात्री घरी सोडायला गाडी आहे. जॉइन होताना विचारायचंच, गाडी आहे का, राहायला स्टाफ अकोमोडेशन आहे का, त्याला वॉर्डन आहे का, तक्रार कुणाकडं करायची. विचारताना लाजायचं नाही. एका ठिकाणी मला उत्तर मिळालं की अजून असं कुणी विचारलं नाही, मी तिथं गेले नाही.

शिक्षणाचं. सरकारी आयएचएमला, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटच्या इन्स्टिट्यूटला, जायचं असेल तर एनसीएचएम जेईई परीक्षा असते, बारावी कुठल्याही शाखेची चालते, आर्ट्स पण, इंग्लिश विषय मात्र असायला हवा. गोव्यातलं आयएचएम पर्वरीला आहे, आपल्याला सगळ्यात जवळ. तीन वर्षं, त्यात हॉटेलमध्ये ट्रेनिंगचा काळ असतो आणि तो अंगावर येतो, पहिल्या दिवशी मी सोळा बेडच्या चादरी घातल्या आणि रात्री पाठ टेकवेना. दुसरा रस्ता महाराष्ट्रातलं बीएचएमसीटी, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटचीच डिग्री, त्याला महाराष्ट्राच्या सीईटी सेलची परीक्षा. आणि हे आपल्या बऱ्याच मुलांना माहीत नसतं, सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना त्या प्रवेशात वेगळा प्रकार आहे, टाइप ई म्हणतात. वादग्रस्त गावांच्या यादीत तुमचं गाव असल्याचा दाखला आणि मातृभाषेचा दाखला लागतो. निपाणी भागातल्या मुलांना हे सहज शक्य आहे, दाखले मात्र आधीच काढून ठेव, प्रवेशाच्या आठवड्यात तहसीलला रांग लावून रडण्यात अर्थ नाही.

केबिन क्रूचं, तिकीटवाल्या ताई म्हणाल्या तेच. एअरलाइन स्वतः इंटरव्ह्यू घेतात, निवडलं की ट्रेनिंग त्याच देतात. बाहेरच्या अकॅडमीचं सर्टिफिकेट सक्तीचं नाही. कंपनीच्या वेबसाइटवर ओपन इंटरव्ह्यूच्या तारखा येतात, तिथनं बघ.

आणि मुलांनो, क्रूझ आणि दुबईच्या नोकऱ्यांबद्दल. जहाजावर जायचं असेल तर सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही, काढावी लागते, एसटीसीडब्ल्यूचे सेफ्टी कोर्स करावे लागतात, आणि भरती करणाऱ्या एजंटाकडं डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्राच्या जहाज खात्याचा, आरपीएसएल हा भरतीचा परवाना असायला हवा. गल्फला पाठवणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर रजिस्टर असतो, तिथं नाव टाकून बघता येतं, आणि त्याला तीस हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. आमच्या गावातल्या दोघांनी दीड-दीड लाख दिलेत. एकजण तीन महिन्यांत परत आला.


भीमगड_वाटाड्या

मूळ प्रश्न विचारणाऱ्या भावासाठी. तू म्हादईची गोष्ट सांगतोस ना, तू आधीच निम्मा नॅचरलिस्ट, म्हणजे निसर्ग समजावून सांगणारा, आहेस, फक्त त्याला अभ्यासाची जोड पाहिजे.

मी आधी दांडेलीत काळी नदीवर राफ्टिंगला होतो, आता जंगलात माणसं फिरवतो. आपल्या दारात भीमगड अभयारण्य आहे, २०११ मध्ये जाहीर झालं, आणि बारापेडे गुहांत रॉटन्स फ्री-टेल्ड म्हणून वटवाघूळ राहतं जे जगात फार मोजक्या ठिकाणी सापडतं. तुमच्या गावातल्या किती जणांना माहीत आहे? बाहेरनं अभ्यासक येतात त्यासाठी. कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्सचे कॅम्प दांडेलीला, भीमगडला आहेत, तिथं नॅचरलिस्ट म्हणून लोकं लागतात, ट्रेनिंग पण देतात. सुरुवात करायला वही घे. रोज एक झाड, एक पक्षी, मराठी नाव, कानडी नाव, इंग्लिश नाव. आजीला जे नाव माहीत आहे ते आधी लिही. पावसाळ्यात आंबोलीला जा, तिथली पोरं रात्री टॉर्च घेऊन बेडूक दाखवतात, माणसं मुंबईहून त्यासाठी येतात. तिथं बघून शिक की टॉर्च कुठं मारायचा आणि कुठं नाही.

ट्रेकिंगला जायचं असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण इन्स्टिट्यूटचा बेसिक कोर्स, २८ दिवसांचा. पाण्यातल्या कामासाठी गोव्यात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्स आहे, जीवरक्षकाचा कोर्स करतात तिथं. तो आधी कर असं मी म्हणेन. कारण सांगतो. दर पावसाळ्यात आपल्या धबधब्यांवर पोरं बुडतात, आणि त्यांच्याबरोबरच्या कुणालाच काय करायचं ते माहीत नसतं. मी एकदा पोचलो तेव्हा उशीर झाला होता. मित्र काठावर उभे होते, एकाच्या हातात त्याची चप्पल होती. ते माझ्या डोळ्यासमोरनं जात नाही. त्यानंतर मी कोर्स केला आणि आता माझ्या बॅगेत थ्रो-रोप, म्हणजे बुडणाऱ्याकडं फेकायचा दोर, असतो, ग्रुपमधला कोण किती पिऊन आलाय हे मी गाडीतनं उतरतानाच बघतो आणि त्याला पाण्यापर्यंत नेत नाही, पैसे परत देतो.

आणि कुणी तुला म्हणाला कॅसलरॉकवरनं रुळावरनं दूधसागरला ग्रुप घेऊन जा, चांगले पैसे देतो, तर जायचं नाही. रेल्वेची बंदी आहे आणि बोगद्यात गाडी आली की पळायला जागा नसते. जंगलात पण वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. एकदा तुझं नाव खात्यात खराब झालं की या भागात तुला काम मिळणार नाही.

घरात एखादी खोली रिकामी असेल तर होमस्टेचं पण डोक्यात ठेव. मालक तिथं राहणारा हवा, टुरिझम खात्याकडं रजिस्टर करावं लागतं, आणि परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन सरकारला कळवायची. आईच्या हातची तांदळाची भाकरी आणि काजूची उसळ, बाबांना पण मग वाटेल की शेतीला धरूनच चाललंय.


टिळकवाडी_काउंटर

सांबऱ्याच्या भावा, तुमचे दोघं बारावीवाले चांगले मॅनेजर आहेत हे मला मान्य. खरं ते पायावर आहेत तोवर. माझ्या ओळखीत एकाचा बस अपघातात मणका गेला, फिरतीचं काम बंद झालं, ऑफिसमध्ये घ्यायला कंपनीनं डिग्री विचारली. म्हणून म्हणते. बीकॉमचा फॉर्म भर, कॉलेज सुरू असताना ऑक्टोबर ते मे सुट्टीच्या दिवशी काम कर, दोन्ही होतं. मी पण तसंच केलंय.


सांबऱ्याचा_टूर_मॅनेजर

ताई, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बरोबर आहे तुमचं. मी स्वतः पण एक्स्टर्नल बीए पुरं करायचं दोन वर्षं पुढं ढकलतोय, यंदा फॉर्म भरतो.


जांबोटीकडचा_पोरगा

सगळ्यांचे लई आभार. आठवडा झाला म्हणून लिहितोय.

इन्स्टिट्यूटमधनं तीन वेळा फोन आला, मी म्हटलं कागद घरी न्यायला द्या, म्हणाले पॉलिसी नाही. नाही भरले. बीकॉमचा फॉर्म खानापूरला भरला. आईला होमस्टेचं सांगितलं तर ती मागच्या खोलीतली भाताची पोती मोजायला लागली, कुठं हलवायची म्हणून. बाबा अजून गप्पच आहेत खरं काल रात्री त्यांनी हा सगळा धागा माझ्याकडनं वाचून घेतला, गाडीवाल्या मामांचं दोनदा वाचायला लावलं.

रविवारी हलशीला गेलो होतो. मराठीत अकरा मिनिटं बोललो, कानडीत चार, इंग्लिशमध्ये दीड मिनिट आणि मग शब्दच येईनात. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये मी पलाशिका हे जुनं नाव सांगितलं, कदंब राजांची ही दुसरी राजधानी होती ते सांगितलं, भूवराहाचं सांगितलं, आणि दोन गाभारे समोरासमोर आहेत हे सांगायचं विसरूनच गेलो, तिथंच उभा असून. मागं एक आजी पायरीवर बसल्या होत्या, फुलं निवडत होत्या, त्या म्हणाल्या बाळ, सगळं सांगितलंस, खरं देव कुणाकडं बघतोय ते सांगितलं नाहीस. मग मला हात धरून मधोमध उभं केलं, आधी एका बाजूला तोंड करून आणि मग दुसऱ्या. मी परत पहिल्यापासून बोललो, आजींनी शेवटपर्यंत ऐकलं.

पुढच्या रविवारी इंग्लिशचं परत करतो. मामा, तुमची गाडी कणकुंबीवरनं किती वाजता जाते?


चोर्ला_गाडीवाला

सकाळी सव्वासहा. देवळाच्या कमानीजवळ थांब. काजू न्हाई आणले तरी चालतंय, वही आण.